बाराव्या दिवसाचे शेंगदाणे

"आई, तू कधी जावाला गेलीस ना, तर तिथला ज्वालामुखी बघच हं," निनाद म्हणाला. "खूप भारी आहे. अडीचशे पायऱ्या आहेत. आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाचा असतो."

केतकी हसली. पाच वर्षांचं पोर गंधक म्हणतं, तेही अगदी स्वच्छ, म्हटल्यावर कुठल्या आईला हसू येणार नाही? पण वाक्याचा पहिला भाग तिच्या डोक्यात जरा उशिरा शिरला आणि हसू तोंडावरच राहून गेलं.

"अरे, मी होते की तिथं. पायऱ्यांवर तुझा हात मीच धरला होता ना?"

निनादनं तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ आणलं. आई थट्टा करतेय की काय, ते त्यानं नीट निरखून पाहिलं.

"तू नव्हतीस," तो समजूत घालावी तसा म्हणाला. "तू बर्फात असतेस."

आणि सायकलची घंटी ऐकू आली म्हणून तो पळाला. सांगलीच्या घरातली रिकामी खुर्ची तेवढी स्क्रीनवर राहिली.

ती बर्फात होती हे मात्र खरं. डॉ. केतकी बिराजदार, वय छत्तीस, दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन केंद्राची एकुलती एक डॉक्टर. डिसेंबरात आली होती, परतायला पुढचा फेब्रुवारी उजाडणार होता. चौदा महिने. हिवाळ्यात केंद्रावर माणसं पंचवीस. सूर्य जूनच्या सुरुवातीला मावळला होता, तो आता जुलैच्या उत्तरार्धातच तोंड दाखवणार होता. घरी बोलायची वेळ रविवारची. सांगलीत दुपारचे साडेचार, केंद्रावर सकाळचे अकरा, आणि खिडकीबाहेर निळसर काळोख.

तिच्या खोलीत पलंगाशेजारच्या भिंतीवर एक तक्ता चिकटवलेला होता. एकोणीस ओळी, प्रत्येक ओळीत सात चौकोन. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं आणि त्यावर हिरव्या पेनाची बरोबरची खूण. एकाच ओळीत एकही खूण नव्हती. बारावी. तिच्यावर तिनं लाल पेनानं आडवी रेघ मारून लिहिलं होतं, 'वाया.'

हा तक्ता समजला की केतकी समजली.

ती लातूरची. तिच्या लहानपणी भिंतीला देवाच्या तसबिरीपेक्षा वेळापत्रक मोठं असायचं. पहाटे पाच ते सात भौतिक, सात ते साडेसात दूध-बिस्कीट, पुढं रसायन. वडील रोज संध्याकाळी लाल-हिरवं पेन घेऊन तक्त्यासमोर उभे राहत. हिरवी खूण झाली की डोक्यावरून हात फिरवत, रिकामा चौकोन दिसला की काही न बोलता जेवायला बसत. त्या न बोलण्याची तिनं जन्मभराची धास्ती घेतली. डॉक्टर झाली, लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी रिकामा चौकोन दिसला की ती आधी तो भरायला धावायची.

ध्रुवावर जायची निवड झाली तेव्हा मुक्ता नऊ वर्षांची होती आणि निनाद जेमतेम साडेचार. जायच्या आधी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना परदेशी न्यायचं तिनं ठरवलं. जावा बेट. ज्वालामुखी, हजार वर्षांपूर्वीचं दगडी स्तूपांचं मंदिर, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, भातखाचरं. सगळं एका बेटावर. आणि सोबत 'ठसा.'

'ठसा' तेव्हा नुकताच बाजारात आला होता आणि शाळांच्या सहलींत त्याची चलती होती. कल्पना साधी होती. दिवसभरात आपण हजार गोष्टी बघतो, पण त्यांतलं काय जपायचं आणि काय टाकायचं, हे मेंदू रात्री ठरवतो. गाढ झोपेत तो दिवसातले निवडक प्रसंग पुन्हा पुन्हा उजळून बघतो, आणि जे उजळतो ते पक्कं होतं. 'ठसा' या निवडीत हात घालत असे. मुलाच्या कानात दिवसा एक मणी. शिकवण्यासारखं काही समोर आलं की आईवडिलांनी बटण दाबायचं, मण्यात एक छोटासा सूर वाजायचा. प्रत्येक प्रसंगाचा सूर वेगळा. रात्री मुलाच्या कपाळाला मऊ पट्टी. झोप गाढ झाली की पट्टी तोच सूर, जाग येणार नाही इतक्या हळू, पुन्हा वाजवायची. झोपेतला मेंदू तो सूर ऐकून तोच प्रसंग काढून बसायचा. दिवसाला सातच खुणा, त्याहून जास्त त्या कोवळ्या डोक्याला झेपत नाहीत.

एकोणीस साते एकशे तेहतीस. केतकीनं दोन महिने आधी बसून एकशे तेहतीस चौकोन भरले होते.

हर्षद, तिचा नवरा, जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट तक्रार करत नाहीत आणि फुकटचे सल्ले विचारत नाहीत, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्यानं तेव्हा तक्ता हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला होता.

"सगळं आहे की यात," तो म्हणाला होता. "आपण कुठं आहोत?"

"आपण म्हणजे?"

"पुस्तिकेत लिहिलंय बघ. पान एकतीस. सातातली एक खूण तरी घरच्या माणसांसाठी ठेवा म्हणून."

"वाचलंय मी. एकोणीस खुणा फुकट जातात त्यात." केतकीनं तक्ता परत घेतला होता. "आपण काय, रोजचेच."

लवकरच चौदा महिन्यांसाठी निघून जाणारी बाई हे म्हणाली होती. आणि तिला त्यात काही चूक वाटली नव्हती, कारण ती तेव्हा स्वतःचा विचारच करत नव्हती. आपण नसताना मुलांजवळ काहीतरी भक्कम असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

*

त्या रविवारी तिनं हर्षदला बोलावून घेतलं. तो हात पुसत आला.

"पायऱ्यांवर हात मी धरला होता, आणि निनू म्हणतो मी नव्हतेच. असं का म्हणाला तो?"

हर्षदला हे माहीत होतं, आणि तिला कळू नये म्हणून तो काही आठवडे धडपडत होता, हे तिनं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"अगं, लहान आहे तो."

"मुक्ताला बोलव."

मुक्ता आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, आईसारखंच टापटीप बोलणं. केतकीनं तिला जावाबद्दल विचारलं आणि पोरगी सुरू झाली. मंदिराचे नऊ मजले, प्रत्येक मजल्यावर कोरलेल्या गोष्टी, बाहुल्यांचं चामडं कसं कमावतात, भाताच्या किती जाती. एक आकडा चुकला नाही. केतकी ऐकत राहिली आणि तिच्यातली लातूरची पोरगी खूश होत राहिली.

"आणि मी?" तिनं शेवटी विचारलं. "मी काय करत होते मंदिरात?"

मुक्ता थांबली. डोळे वर करून तिनं आठवून पाहिलं, परीक्षेत आठवतात तसं.

"तू होतीस," ती म्हणाली. "फोटोत आहेस तू. निळ्या टोपीत."

"फोटोतलं नको. तुला आठवतंय का?"

"मला माहीत आहे तू होतीस." मुक्ताचा आवाज बारीक झाला. "पण आठवत नाही, आई. सॉरी."

"अगं, सॉरी काय त्यात!" केतकी घाईघाईनं म्हणाली, आणि मुलगी गेल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"मीपण नाहीये त्यात," हर्षद म्हणाला. "पोरांना वाटतं, दिवाळीत ती दोघंच फिरली. जाऊ दे की. मी काय मनाला लावून घेतलं नाही."

"तू रोज आहेस त्यांच्याजवळ," केतकी म्हणाली.



*

तिनं 'ठसा' बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला लिहिलं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, सविस्तर आणि सभ्य.

एकाच वेळच्या आठवणी मेंदूत एकमेकींना लागून असतात, असं त्यात म्हटलं होतं. त्यांतली एखादी रोज रात्री उजळली, की तिच्या शेजारच्या आपोआप दबतात. मोठ्या माणसांत हे थोडं होतं. सहा वर्षांखालच्या मुलांत बरंच होतं, कारण त्यांच्याकडे जागा करण्याची घाई जास्त. म्हणून तर पान एकतीसवर सूचना दिली होती. घरची माणसं मुलाच्या डोळ्यांसमोर रोज असली तर काही बिघडत नाही, ती रोज नव्यानं ठसतात. आपण दूर असाल याची आम्हाला कल्पना नव्हती.

केतकीनं ते पत्र डॉक्टरच्या नजरेनं दोनदा वाचलं आणि तिला त्यात कुठं बोट ठेवायला जागा सापडली नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला त्याआधीचं फारसं आठवत नसतंच. जिल्हा रुग्णालयातल्या तिच्या ड्युट्या, रात्री उशिरा येणं, सकाळी लवकर जाणं, यांतून निनादच्या वाट्याला ती तशीही थोडीच आली होती. सलग, सकाळपासून रात्रीपर्यंत, सुट्टीवर असलेली आई त्याला मिळाली ती त्या एकोणीस दिवसांत. चौदा महिने पुरेल अशी आई. आणि तीच तिनं स्वतःच्या हातानं खोडली होती. आता त्याच्यापाशी उरली होती ती रविवारची, चौकोनातली, बर्फातली बाई. ती परतेल तेव्हा तो सहा वर्षांचा असेल, आणि दारात एक ओळखीची पाहुणी उभी राहील.

पत्राच्या शेवटी उपायही होता. त्याला कंपनी 'भरणा' म्हणत असे. त्या सहलीचे सूर अजून साठवलेले आहेत. दहा रात्री तेच सूर पुन्हा वाजवायचे आणि त्यात आईचा आवाज मिसळायचा. झोपलेला मेंदू प्रसंग काढतो, त्यात आवाज ऐकतो आणि बाकीचं स्वतःच भरून घेतो. आई शेजारी होती, हसत होती, हात धरून होती. मात्र प्रसंगाला नऊ महिने होण्याआधी हे करायला हवं, नंतर आठवण घट्ट होते आणि काही आत घेत नाही. म्हणजे जुलै संपायच्या आत. सोबत कंपनीनं मण्यांत टिपलेलं सहलीतलं सगळं बोलणं पाठवलं होतं. तुमच्या आवाजातले आवडते तुकडे निवडून कळवा, असं लिहिलं होतं.

केतकीला हुंदका आला. आहे, म्हणजे आहे अजून!

पुढचे आठ दिवस ती दवाखान्याच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसली. केंद्रावर आजारी पडणारं फारसं कुणी नव्हतं. जनरेटर सांभाळणारे शेडगे, फलटणचे, तिसऱ्यांदा हिवाळा काढायला आलेले, तेवढे रोज दारातून डोकावायचे.

"डॉक्टरबाई, जेवायला येताय न्हवं? सकाळी पण न्हाई आलात."

"येते, शेडगेदादा."

"काय ऐकताय एवढं?"

"मलाच ऐकतेय."

शेडगे मान हलवून निघून जायचे. हिवाळ्यात माणसं अशी बोलतात, हे त्यांना सवयीचं होतं.

अठरा दिवसांचा आवाज होता. केतकी ऐकत होती आणि वही समोर कोरी होती. 'इकडे बघ.' 'मुक्ता, लक्ष कुठंय?' 'हात लावू नको.' 'थांब, खूण होऊ दे.' 'नंतर.' 'नंतर खेळू.' 'परत सांग, मॅग्मा म्हणजे?' 'आत असतो तो मॅग्मा, बाहेर आला की लाव्हा. परत सांग.' आवाज तिचाच होता, पण ऐकताना तिला वडील तक्त्यासमोर उभे असलेले दिसत होते.

मग ज्वालामुखीचा दिवस आला. वाऱ्याचा आवाज, धापा.

"आई, उचल ना," निनादचा आवाज.

"आधी सांग, किती पायऱ्या झाल्या?"

"एक्क्याण्णव."

"शाब्बास!" आणि मण्याचा सूर.

"आई, उचल."

"पुढं मोज. बघू दोनशेपर्यंत येतात का."

थोडा वेळ नुसता वारा. मग हर्षदचा आवाज, धापा टाकत, "ये रे, मी घेतो."

केतकीनं ते पाच वेळा ऐकलं. हात तिनं धरलाच नव्हता. तिच्या हातात तक्ता असणार. आणि तिला मात्र चांगलं, स्पष्ट आठवत होतं की आपण हात धरला होता. निनूच्या बोटांचा घामट स्पर्शसुद्धा आठवत होता. तिच्या कपाळाला तर कुणी पट्टी बांधली नव्हती. तिनं तिचा भरणा स्वतःच करून घेतला होता.

पोरगं खोटं बोललं नव्हतं. तिथं आई नव्हती.

तिनं कंपनीला लिहिलं, तुकडे सापडत नाहीत. उत्तर त्याच दिवशी आलं. काळजी नसावी, आपल्या आवाजाचा पुरेसा नमुना आमच्याकडे आहे, हवी ती वाक्यं आम्ही तयार करू. तीन नमुने सोबत जोडले होते. तिनं पहिला लावला. 'ये माझ्या राजा, उचलते हं तुला. दमलास ना?' तिचाच आवाज. थोडं हसू मिसळलेला. तिनं असं कधीतरी म्हणायला हवं होतं, तस्साच.

पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. 'खूण नसलेल्या ज्या आठवणी या काळातून अजून शिल्लक असतील, त्या भरण्यानंतर टिकतील याची खात्री देता येत नाही.' केतकीनं ती वाचली आणि सोडून दिली. शिल्लक काय असणार होतं?

*

पुढच्या रविवारी तिनं हर्षदला सगळं सांगितलं. पायऱ्यांचंही सांगितलं.

"ते मला माहीत आहे," हर्षद म्हणाला. "पाठ माझी गेली होती चार दिवस."

"मग त्या दिवशी मी हात धरला होता असं म्हटलं तर बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? इतक्या लांब आहेस तू."

ती म्हणाली, "करूया ना भरणा? दहाच रात्री. तू पट्टी बांध, बाकी ते करतील."

"करू की. तू म्हणशील तर करू." हर्षदनं डोकं खाजवलं. "फक्त ते बारीक अक्षरातलं काय म्हणालीस? उरलेल्या आठवणींचं?"

"उरलंय काय?"

"बारावा दिवस."

केतकीला क्षणभर कळेना. मग तिची नजर भिंतीवरच्या लाल रेघेकडे गेली.

बारावा दिवस म्हणजे जावाच्या पूर्वेच्या टोकाचा बोटीचा धक्का. पलीकडच्या बेटावर जायची मोठी बोट होती. सामान हर्षदनं हॉटेलच्या गाडीत पुढं पाठवलं, ती गाडी आधीच्या बोटीनं पार झाली, आणि मग वारा सुटला. बोटी बंद. मण्यांची डबी, पट्ट्या, चार्जर, सगळं पलीकडे. चौघं अलीकडे. सकाळी नऊपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत पत्र्याच्या एका हॉलमध्ये, लाकडी बाकांवर. सात चौकोन रिकामे. केतकी त्या दिवशी इतकी चिडली होती, की आठवलं तरी तिला लाज वाटायची.

"निन्या!" हर्षदनं हाक मारली. "इकडं ये. आईला ती बोट गेल्याची गोष्ट सांग."

निनाद आला. तोंडाला आंबा लागलेला. "ती आईची?"

"हां, ती."

"आई," निनाद म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो शिकवल्यासारखा बोलला नाही, मधेमधे अडखळला, पुढचं मागं झालं. "बोट गेली ना, तेव्हा तू खूप ओरडलीस. बाबाला. मग मी चिवडा सांडला. सगळा. मग मला ओरडलीस. तुझं नाक लाल झालं होतं. मग मी रडलो. मग तू पण रडलीस. मग तू खाली बसलीस, फरशीवर, आणि शेंगदाणे वेचायला लागलीस. फक्त शेंगदाणे. पोहे नाही."

"मग?" केतकीनं विचारलं.

"मग तू एक खाल्लास! खालचा!" त्याचे डोळे मोठे झाले. इतक्या महिन्यांनीही त्याला तो अपराध पचला नव्हता. डॉक्टर असलेली, हात धुतल्याशिवाय घासाला हात लावू न देणारी आई जमिनीवरचा शेंगदाणा खाते. "मग मला पण दिलास एक. मग बाकावर तू झोपलीस आणि मी तुझ्या पोटावर झोपलो. पोटात आवाज येत होता. गुडगुड. मी म्हटलं मॅग्मा आहे. तुझ्या स्वेटरला बामचा वास येत होता."

"माझ्या," केतकी म्हणाली. "माझ्या स्वेटरला."

"हो. तुझ्या."

मुक्ता मागून डोकावली. "मला पण तो दिवस आठवतो," ती म्हणाली. "तू माझ्या वेण्या सोडून परत घातल्यास. तीनदा. कारण करायला काहीच नव्हतं."

पोरं गेली.

"त्या दिवशी पट्टी नव्हती ना," हर्षद म्हणाला. "मला आपलं वाटतंय हं. झोपेत पोरांनी जे ठेवायचं ते आपलं आपण ठेवलं."

"ओरडणारी ठेवली."

"सगळीच ठेवली की. ओरडणारी आणि शेंगदाणे वेचणारी."

"हर्षद, त्याच्याजवळ माझा एवढा एकच दिवस आहे. आणि त्यात मी लाल नाकाची, रडकी, नवऱ्यावर खेकसणारी बाई आहे." ती आता रडत होती, आणि लपवत नव्हती. "दुसरीकडे अठरा दिवसांची हसणारी आई मिळतेय. त्याला उचलून घेणारी. कुणाला नको असेल?"

"तुला हवी तर घे," हर्षद म्हणाला. "पण ती कोण बाई असेल, ते मला ठाऊक नाही. ही मला माहीत आहे. हिच्याशी मी लग्न केलंय."

*

कंपनीचं मुदतीचं पत्र पंचवीस जुलैपर्यंत उत्तर मागत होतं. केतकी चार दिवस तो तयार आवाज ऐकत राहिली. 'ये माझ्या राजा, उचलते हं तुला.' ऐकताना दर वेळी बरं वाटायचं आणि संपलं की खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटायची. त्या बाईचा तिला हेवा वाटू लागला होता. त्या बाईला चौकोन भरायचे नव्हते, ड्युटी नव्हती, वडील नव्हते. ती निनूच्या डोक्यात राहायला गेली तर सुखानं राहील. आणि फेब्रुवारीत खरी केतकी परतेल, ओरडेल, दमलेली असेल. तेव्हा निनू या दोघींत कुणाला शोधेल?

आणि ती आत जाताना, धक्क्यावरच्या हॉलमध्ये फरशीवर बसलेली जी एक आहे, तिला कदाचित बाहेर काढेल.

पाचव्या दिवशी तिनं तीन शब्दांचं उत्तर पाठवलं. 'भरणा नको. आभारी.' पाठवल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. एवढ्या मोठ्या बर्फात आपण एकट्या आहोत आणि आपलं सगळं काही एका पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यातल्या मूठभर शेंगदाण्यांवर आहे, एवढंच तिला स्वच्छ कळलं. पोरं विसरतात. कसलीही पट्टी नसलेली आठवण महिन्याभरातही पुसली जाऊ शकते. डॉक्टर म्हणून तिला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पण सांगितलेली गोष्ट टिकते, हेही तिला माहीत होतं. म्हणून दर रविवारी ती तीच गोष्ट मागू लागली.

"परत?" निनाद वैतागायचा.

"परत."

जुलैच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता केंद्रावर एकच गडबड उडाली. दोन दिवस वादळानं आकाश झाकलं होतं, ते मोकळं झालं होतं. शेडग्यांनी दारातून हाक दिली.

"डॉक्टरबाई, चला की! सूर्य आलाय! दोन महिन्यांनी आलाय बापडा, आन् घटकाभरच थांबनार हाय."

"तुम्ही व्हा पुढं, शेडगेदादा. माझा फोन आहे घरचा."

"फोन काय, पुढच्या रईवारी पन व्हईल."

"नाही होणार," ती म्हणाली. शेडग्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

बाहेर माणसं ओरडत होती, ताटं वाजवत होती. खिडकीच्या काचेवर नारिंगी उजेडाची एक पट्टी आली आणि भिंतीवरच्या तक्त्यावर पडली. केतकीनं तिकडं पाठ केली आणि स्क्रीन सरळ केला.

"सांग."

निनाद खुर्चीवर मांडी घालून बसला. आता त्याला गोष्ट पाठ झाली होती, आणि सांगताना तो हातवारे करू लागला होता.

"बोट गेली. मग तू ओरडलीस बाबाला. मग मी चिवडा सांडला. मग मला ओरडलीस. मग आपण दोघं रडलो. मग तू फरशीवर बसून शेंगदाणे वेचलेस. आणि एक खाल्लास, खालचा. मग मी म्हटलं, आई, खालचा! मग तू हसलीस."

केतकी दचकली.

त्या दिवशी ती हसली नव्हती. पहाटे बोट सुटेपर्यंत नाही. मागच्या रविवारी गोष्टीत हे नव्हतं, त्याच्या मागच्याही नाही. हे वाक्य नवीन होतं. कुठल्याही मण्यात नव्हतं, कुणी सूर वाजवला नव्हता, आवाज तयार करून पाठवला नव्हता. सांगता सांगता पोरानं ते स्वतःच कुठूनतरी आणलं होतं आणि तिला देऊन टाकलं होतं.

"हसलीस ना?" निनादनं विचारलं. त्याला खात्री हवी होती.

खिडकीवरची पट्टी सरकत सरकत गेली. बाहेरचा आरडाओरडा थांबला, दोन महिन्यांनी आलेला सूर्य बुडाला असावा.

"हो," केतकी म्हणाली. "मग?"